'दवाखाने विका, कार्ड वाटा' म्हणणाऱ्यांना उत्तर

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो. थोडक्यात तो असा: सरकारी दवाखाने म्हणजे पांढरे हत्ती. तिथं कुणी जात नाही, गेलं तर परत येत नाही. सरकारला ते चालवता येत नाहीत, नांदेड बघा, आणि सरकारकडे पैसाही नाही. ते विकून टाका आणि प्रत्येक कुटुंबाच्या हातात पाच लाखांचं कार्ड द्या. लोक हव्या त्या खाजगी रुग्णालयात जातील, खिशातून एक रुपया जाणार नाही, रुग्णालयांत स्पर्धा लागेल आणि दर आपोआप उतरतील. थायलंडनं केलं, आपल्याला काय धाड भरली आहे?

या मजकुरातला राग खरा आहे. एका शस्त्रक्रियेपायी शेताचा तुकडा विकलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. पण त्या रागावर सुचवलेला इलाज म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एकेक दावा घेऊ.

'सरकारी दवाखान्यात जातंच कोण?'

बरेच जण जातात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८), बाळंतपणं वगळून देशात रुग्णालयात दाखल होण्याच्या दर १०० प्रसंगांपैकी सुमारे ४२ सरकारी रुग्णालयांतले होते. दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारीत ४,४५२ रुपये आणि खाजगीत ३१,८४५ रुपये होता, म्हणजे सातपट. सरकारीत दाखल होणाऱ्यांना विकलेल्या रुग्णालयाच्या दारातून खाजगीकडे वळवलं, तर त्यांच्या उपचाराचं बिल सातपटीच्या दिशेनं जाईल. ते कुणी भरायचं? सरकारनं, म्हणजे आपणच.

'कार्ड मिळालं की खिशाला चाट नाही'

कार्डाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं, शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढली, आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी नोव्हेंबरात होती, हे जाता जाता.

या योजनेनं हजारो लोकांची हृदयाची ऑपरेशनं झाली, डायलिसिस झाली, किमो झाली. हे मी नाकारत नाही, आणि ती बंद करा असंही म्हणत नाही. पण मजकूर लिहिणाऱ्यानं योजनेचा कागद वाचलेला दिसत नाही. कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर, यादीतल्या उपचारांसाठी आणि योजनेत असलेल्या रुग्णालयात. या तीन अटींच्या बाहेर जे पडतं, तिथंच घराचा पैसा जिरतो.

साठीच्या आसपासचं कुठलंही जोडपं घ्या. एकाला साखर, दुसऱ्याला रक्तदाब, बहुधा दोघांना दोन्ही. दर महिन्याला गोळ्या, तीन महिन्यांनी रक्त तपासणी, मधेच पाय सुजला म्हणून डॉक्टरची फी. यात दाखल होणं कुठंच नाही, म्हणून कार्डही नाही. या गोळ्या परवडेनात म्हणून एक दिवसाआड घ्यायला लागायचं, आणि मग किडनी गेली की मात्र कार्ड चालणार. ते चाललंच पाहिजे, वाद नाही. पण किडनी वाचवणारी स्वस्त गोळी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळायला हवी, तेच मजकूरकर्त्याला विकायचं आहे. कॅन्सरचंही तसंच. गाठ लागल्यापासून बायोप्सीचा अहवाल हातात येईपर्यंतच्या बऱ्याचशा चकरा आणि तपासण्या घरच्याच पैशांनी होतात. कार्ड त्यानंतर कामाला येतं.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट चांगली आहे. पण एवढ्या योजनांनंतरही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये खिशातूनच जातात, आणि त्यातला मोठा भाग औषधांचा आणि दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा आहे.

शिवाय योजनेतल्या रुग्णालयाच्या काउंटरवर ऐकू येणारी वाक्यं कुणाला ठाऊक नाहीत? 'हे पॅकेजमध्ये बसत नाही.' 'मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट भरा, नंतर बघू.' 'योजनेचे बेड फुल आहेत.' रुग्णालयांचीही बाजू आहे. पॅकेजचे दर कमी आणि पैसे उशिरा, ही छोट्या रुग्णालयांची तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. पण तिचा अर्थ एवढाच होतो, की कार्डावरचा आकडा आणि खाजगी रुग्णालयाचा दर यांच्यामधली फट शेवटी रुग्णाच्या नातेवाइकानंच बुजवायची.

'स्पर्धा लागली की दर उतरतील'

इथं जरा थांबतो, कारण हा दावा सगळ्यात गोड आहे आणि सगळ्यात खोटा.

छातीत कळ आलेला माणूस चार रुग्णालयांचे दर विचारत फिरत नाही. जवळचं गाठतो. कुठला स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी), किती दिवस आयसीयू, कुठलं इंजेक्शन, हे तो ठरवत नाही. विकणाराच ठरवतो. अशा बाजारात स्पर्धा असते, पण ती रुग्णासाठी नसते. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. प्राधिकरणानं नोंदवलेली त्यापुढची गोष्ट जास्त बोलकी आहे: हा नफा मुख्यतः रुग्णालयांच्या पदरात पडत होता, आणि त्यांच्या गरजेप्रमाणे कंपन्या छापील किंमतच फुगवून देत होत्या. म्हणजे कंपन्यांमध्ये चढाओढ होतीच, रुग्णालयाला जास्त कमिशन सुटावं म्हणून. किंमत वर नेणारी स्पर्धा!

दर खरोखर कधी उतरले? फेब्रुवारी २०१७ मध्ये याच प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली तेव्हा. औषध लावलेला जो स्टेंट त्याआधी लाखाच्या वर लावला जाई, त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, साध्या स्टेंटची ७,२६०. त्यावर बिलातले इतर रकाने फुगल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्या येणारच होत्या. एकाच वस्तूचा दर बांधला की बाकीच्या मोकळ्या वस्तूंवर भार जातो. मग दर बांधायचे तर सबंध उपचाराचे बांधायला हवेत.

तेही महाराष्ट्रानं करून दाखवलं आहे. कोविडच्या साथीत, २१ मे २०२० च्या आदेशानं खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांवर सरकारी दर लागू झाले: साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पळवाटा निघाल्या, पीपीई किटच्या नावाखाली लूट झाली, पण शहराशहरांत लेखापरीक्षक बसले आणि काही रुग्णांना जादा घेतलेले पैसे परतही मिळाले. साथ सरली, तशी ती हिंमतही सरली.

कायद्याचं काय? केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा २०१० चा. महाराष्ट्रानं तो स्वीकारला नाही, आपलं काम अजून १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर चालतं. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि पंधरा सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वेळी रुग्णालयात जाल तेव्हा तो फलक शोधा. सापडलाच तरी तो दर किती असावा यावर कुणाचंच बंधन नाही, फक्त तो लिहायचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला उपचारांचे प्रमाण दर न ठरवल्याबद्दल फटकारलं, तेव्हा विरोधाचा सूर कुठून आला, हे सांगायला नको.

'सरकारला दवाखाने चालवता येत नाहीत, नांदेड बघा'

बघतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका रात्रीत १८. यावर पांघरूण घालायचं काहीच कारण नाही.

पण नांदेडात एवढी गर्दी का होती? आसपासच्या जिल्ह्यांतले, सीमेपलीकडच्या तेलंगणातले आणि खाजगीतून शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण तिथं येतात, कारण त्यांना दुसरीकडे कुणी घेत नाही. ज्याचे पैसे संपले त्याला हलवायची जागा सरकारीच असते. ती विकल्यावर त्यांना कुठं हलवणार? औषधांची टंचाई हा खरेदीचा प्रश्न होता. हाफकिन या सरकारी संस्थेकडून औषध खरेदी काढून घेऊन २०२३ मध्ये राज्यानं स्वतंत्र प्राधिकरण केलं. तमिळनाडूनं असं महामंडळ १९९४ मध्येच उभारलं, आणि औषध पुरवठ्यात तो नमुना म्हणून इतर राज्यं अजून त्याच्याकडे बघतात. तिथलं खातंही सरकारीच आहे.

गडचिरोलीतल्या भामरागडला, नंदुरबारमधल्या धडगावला कार्ड वाटलं, तर ते घेऊन माणूस जाणार कुठं? खाजगी रुग्णालय तिथं गिऱ्हाईक नसताना जात नाही. आणि कागदोपत्री विमा म्हणजे स्वच्छ कारभार, हेही खरं नाही. आयुष्मान भारतवरच्या 'कॅग'च्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, २०२३ च्या अहवालात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले निघाले: नऊचा आकडा ओळीनं दहा वेळा.

मग राजकारण्यांना कार्डच का आवडतं? कार्डावर फोटो छापता येतो, नाव बदलता येतं. नर्सच्या भरलेल्या जागेवर फोटो लावता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. हे कार्डाइतकं मोठं पाऊल होतं, पण बऱ्याच लोकांना ते माहीतही नाही.

'सरकारकडे पैसा नाही'

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च करायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, ऐन कोविडच्या वर्षात, तो १.८४ टक्के होता. म्हणजे स्वतः ठरवलेला खर्चही सरकारनं केलेला नाही.

'थायलंडनं केलं'

केलं, आणि उत्तम केलं. पण काय केलं ते तरी वाचा. २००२ मध्ये त्यांनी तीस बाथमध्ये उपचाराची योजना आणली, तेव्हा जवळपास प्रत्येक तालुक्यात सरकारी रुग्णालय आधीच उभं होतं. वैद्यकीय पदवीधरांना सरकारी सेवा सक्तीची करून तिथले डॉक्टर आणले होते. योजनेचा बहुतेक पैसा याच सरकारी रुग्णालयांकडे जातो, बाह्यरुग्णांसाठी दरडोई ठरलेली रक्कम आणि दाखल रुग्णांसाठी वर्षाचा बांधलेला एकूण निधी. त्यामुळे जास्त तपासण्या लिहून जास्त कमावायची सोय नाही. साधा ताप, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं त्यात येतं. खिशातून जाणारा वाटा तिथं दहा टक्क्यांच्या आसपास आहे. थायलंडचं उदाहरण द्यायचं तर ते धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात रिकाम्या असलेल्या डॉक्टरच्या जागा भरण्यासाठी द्यावं.