मोमोको इशिई यांना ‘केवळ अनुवादक’ म्हणणे का चुकीचे आहे

जपानी बालसाहित्याचा विषय निघाला की अनुवादक, लेखिका आणि संपादक मोमोको इशिई (१९०७–२००८) यांच्याविषयी एक मत वारंवार मांडले जाते: ए. ए. मिल्न यांचे ‘विनी द पू’ हे अस्वलाच्या गोष्टींचे इंग्रजी पुस्तक योगायोगाने हाती लागल्यामुळे त्या नावारूपाला आल्या, त्यांचे स्वतंत्र लेखन किरकोळ आहे, आणि पाश्चात्त्य पुस्तकांचे माप लावून त्यांनी जपानी परंपरेला मागे लोटले. यातील पहिली दोन विधाने सरळ चुकीची आहेत आणि तिसरे अर्धवट आहे.

योगायोग होता, पण तो पहिल्या भेटीपुरताच. १९३३ च्या नाताळात माजी पंतप्रधान इनुकाई यांच्या कुटुंबाच्या घरी त्यांना मिल्न यांचे पूच्या गोष्टींचे इंग्रजी पुस्तक दिसले आणि तिथल्या मुलांना त्यांनी ते जपानीत सांगत सांगत वाचून दाखवले. अनुवाद इवानामी प्रकाशनाकडून छापून आला तो १९४० मध्ये. ‘इवानामी शोनेन बुन्को’ ही मुलांची ग्रंथमाला १९५० मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या संपादनाची जबाबदारी इशिई यांच्याकडे होती, आणि पीटर रॅबिट व मिफी या मुलांच्या पुस्तकांतल्या सशांनाही पुढे त्यांनीच जपानीत आणले. एवढी दीर्घ आणि सातत्याची कारकीर्द एका नाताळच्या खात्यावर जमा करता येत नाही.

स्वतंत्र लेखन किरकोळ होते, असे म्हणणाऱ्यांनी ‘नोन-चान कुमो नि नोरु’ (नोन-चान ढगावर बसते) ही त्यांची कथा वाचलेली नसावी. झाडावरून तळ्यात पडलेली आठ वर्षांची मुलगी पाण्यातल्या आभाळात शिरते आणि ढगावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला आपल्या घरच्यांविषयी सांगू लागते. युद्धकाळात लिहिलेली ही कथा १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिला शिक्षणमंत्र्यांचा कलापुरस्कार मिळाला आणि १९५५ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. युद्धानंतर मियागी प्रांतात इशिई यांनी काही वर्षे शेती आणि दुग्धव्यवसाय केला, आणि त्या आयुष्यातून ‘यामा नो तोमु-सान’ ही मांजराची गोष्ट आली. वयाच्या ८७ व्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘माबोरोशी नो आकाई मि’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीला योमिउरी साहित्य पुरस्कार मिळाला, आणि हा पुरस्कार काही बालसाहित्यासाठी राखीव नाही.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६० मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ‘कोदोमो तो बुन्गाकु’ (मुले आणि साहित्य) या पुस्तकात ओगावा मिमेई यांच्यासारख्या ज्येष्ठ लेखकांवर कठोर टीका आहे, आणि मुलाला कथेचा धागा स्पष्ट दिसला पाहिजे ही कसोटी लावताना या लेखकांच्या गद्यातील काव्य नजरेआड झाले, असे मला वाटते. पण ही कसोटी केवळ परदेशातून उचललेली होती, असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर १९५४-५५ मध्ये अमेरिका आणि युरोपातील बालग्रंथालये पाहून आल्यानंतर इशिई यांनी १९५८ मध्ये तोक्योतील ओगिकुबो येथे स्वतःच्या घरात ‘कात्सुरा बुन्को’ हे छोटे वाचनालय उघडले. तिथे मुलांना पुस्तके वाचून दाखवताना त्यांचे लक्ष कुठे खिळते आणि कुठे भरकटते, हे त्या बारकाईने पाहत असत. त्या निरीक्षणांवर १९६५ मध्ये लिहिलेल्या ‘कोदोमो नो तोशोकान’ (मुलांचे ग्रंथालय) या पुस्तकाने जपानभर घरगुती वाचनालयांच्या चळवळीला बळ दिले. कात्सुरा बुन्कोसह अशी चार वाचनालये एकत्र येऊन १९७४ मध्ये तोक्यो बालग्रंथालय स्थापन झाले.