सैलसर बंद करा म्हणे!

अनोळखी माणसाने तुमच्या हातातला अर्धवट विणलेला मोजा घेतला आणि दोन्ही हातांनी ताणून बघितला तर तुम्ही काय कराल? मी फक्त "अहो, अहो, अहो" केलं, आणि तेही हळू आवाजात, कारण समोर 'शांतता राखा' लिहिलेलं होतं. दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत होते. राग अजून गेलेला नाही.

मोजा बोटांकडून सुरू करून वर विणत आणलेला. अशा मोज्याचा शेवट पोटरीपाशी होतो, आणि तिथला काठ ताणला गेला नाही तर बाकी मोजा कितीही सुंदर असो, तो टाचेवरून वर चढतच नाही, कारण घोट्याचा घेर छोटा असला तरी टाचेपासून पायाच्या पाठीवरून मोजलेला घेर चांगलाच मोठा असतो. तर ६४ टाके, एक सुलट एक उलट, आणि मी बोथट सुईत दोरा ओवून एकेक टाका शिवत शिवत बंद करत होते, म्हणजे शेवटच्या ओळीतले टाके उसवू नयेत असे अडकवून सुईवरून उतरवत होते. निम्मे झाले होते.

शेजारच्या खुर्चीवरचे काका आधीपासून बघत होतेच.

"इलास्टिक नाही घातलं?"

"नाही काका, वीणच ताणली जाते."

"वीण ताणली जाते हो, काठ कुठे ताणला जातो? आमच्या हिनं मला स्वेटर केला होता एकदा. गळ्यातून डोकंच जाईना. मग मी म्हटलं, खालून घालू."

"खालून?"

"पायातून."

पुढे काय झालं ते मी विचारलं नव्हतं, तरी कळलं. गळा मांडीपर्यंत आला आणि तिथेच बसला. वर जाईना, खाली येईना, बाह्या दोन्हीकडे लोंबतायत. एक पाय मुलाने धरला, दुसरा शेजाऱ्यांनी, आणि काकू कात्री घेऊन उभ्या पण कापू देईनात, कारण लोकर महाग. "शेवटी कसा निघाला माहितीये?" काकांनी आवाज खाली आणला. सगळी वेटिंग रूम पुढे झुकली. एक बाई तर गालावरचा बर्फ काढून ऐकत होत्या. "पावडर!" काका म्हणाले. "अख्खा डबा."

चिडचिड याची की मुद्दा त्यांचा बरोबर होता. वीण ताणली जाते कारण प्रत्येक फासा आडवा पसरताना स्वतःच्या उंचीतला दोरा वापरतो. टाके बंद करायच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे दोन टाके विणा आणि पहिला दुसऱ्यावरून उडवा, काठावर एक आडवी साखळी तयार होते आणि त्या साखळीत उसना घ्यायला दोराच शिल्लक नसतो. म्हणून स्वेटर कसा का असेना, गळा आवळतो. हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात "बघू" म्हणून त्यांनी मोजा घेतला.

आणि ताणला.

"हा बघा, ताणला जातोय की! उगाच काळजी करत होता." मग जरा वेळाने, "सुटलं वाटतं काहीतरी."

सुईवरचे सात-आठ टाके बाहेर आले होते, आणि काकांनी त्यातल्या एका फाशात करंगळी घालून तो जपून धरून ठेवला होता, मदत म्हणून! वर उपदेश. "तुम्ही ना, हात सैल ठेवा. मी रिटायर झाल्यापासून सगळं सैल सोडलंय." तेवढ्यात माझा नंबर पुकारला. "जा तुम्ही, मी धरतो," काका म्हणाले. मी त्यांची करंगळी सोडवली, मोजा घेऊन आत गेले आणि तोंडात सक्शनची नळी असताना मांडीवर सुटे टाके दोन बोटांत दाबून बसले. डॉक्टर विचारतायत, कुणासाठी विणताय? काय सांगणार, आँ?

पण हात सैल ठेवायचा सल्ला एकटे काका देत नाहीत, म्हणून जास्त चीड येते. पॅटर्न, म्हणजे विणायची कृती, लिहिणारेही तेच करतात. चार-चार पानं टाचेचं गणित, कुठे किती टाके कमी, कुठे वाढव, आणि शेवटी एक ओळ: 'सैलसर टाके बंद करा.' संपलं! कसे? ते तुमचं तुम्ही बघा. पैसे देऊन घेतलेल्या पॅटर्नमध्येसुद्धा. हात सैल ठेवून बंद केले तर काठ लोळागोळा दिसतो, एखादा नंबर जाड सुई घेतली तर थोडा फरक पडतो, पण साखळी ती साखळीच.

मग माणूस दुसऱ्या पद्धती शोधायला लागतो आणि अजून गोंधळतो. दोन टाके मागच्या बाजूने एकत्र विणायचे, आलेला टाका परत डाव्या सुईवर ठेवायचा, पुन्हा दोन एकत्र. ही पद्धत मला आवडते, डोकं लागत नाही, आणि जाळीच्या शालीला झकास, कारण शाल ओली करून ताणून वाळवताना काठ आड येत नाही. मग ती जेनी नावाच्या विणणाऱ्या बाईंची, २००९ मध्ये 'निटी' या विणकामाच्या ऑनलाइन मासिकात आलेली, जिच्या नावातच 'सरप्राइजिंगली स्ट्रेची', म्हणजे आश्चर्य वाटावं इतकी ताणली जाणारी, असं आहे. त्यात प्रत्येक टाक्याआधी सुईवर दोऱ्याचा एक जादा वेढा घ्यायचा, सुलट टाक्याआधी उलट्या दिशेने आणि उलट टाक्याआधी नेहमीच्या, मग टाका विणून तो वेढा त्याच्यावरून उडवायचा. टाक्यागणिक जादा दोरा, त्यामुळे ताणला जातो अफाट. पण पायात नसताना काठ झालरीसारखा फुलतो, आणि बघणारा विचारतो, हे असंच असतं का? एक-सुलट-एक-उलटला सगळ्यात देखणी ती ट्युब्युलर, म्हणजे नळीसारखी पद्धत, सुलट टाके एका सुईवर, उलट दुसऱ्यावर आणि दोघांना सुईदोऱ्याने जोडत जायचं. काठ संपतो कुठे तेच कळत नाही. करताना आपणही कुठे आहोत ते कळत नाही, हा भाग वेगळा.

मी ठरवलं शिवूनच. विणकामाची पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन बाईंच्या नावाने ओळखली जाते ती पद्धत. दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे सुई, मग पहिल्यातून परत डावीकडून उजवीकडे, आणि तो टाका सोडून द्यायचा. सोपी, ताणली जाते, फुलत नाही. वाईट एवढंच की काठाच्या तिप्पट दोरा आधीच मोजून कापावा लागतो, आणि तो पूर्ण लांबीचा दोरा प्रत्येक टाक्यातून ओढून काढताना वेळ जातो, हात दुखतात. ज्याला मोजे मिळणार त्याला यातलं काहीही दिसणार नाही. त्याला फक्त मोजा वर चढला की नाही एवढंच कळतं, आणि चढला तर कोण कशाला काठाचं नाव काढतंय! वर "वेळ कसा मिळतो गं तुला" हे आहेच.

सुटलेले टाके घरी येऊन उचलले, दोन पीळ पडून बसले होते तेही सरळ केले. आता दुसऱ्या मोज्यालाही हाच काठ, कारण जोडीत एक असा एक तसा चालत नाही. गुंड्यात लोकर जेमतेम उरलीये, म्हणून तिप्पट दोरा आत्ताच मोजून, कापून, कपाटात ठेवलाय. पार्सल बांधायला कुणी तो उचलायचा नाही, हे घरात ओरडून सांगून झालंय.