डिक्सी इव्हान्सची अर्धीच गोष्ट

अमेरिकन नर्तकी डिक्सी इव्हान्सवरच्या तुमच्या लेखात तिची ओळख ‘बर्लेस्कमधली (स्टेजवर एकेक कपडा उतरवत करायच्या नाचातली) मेरिलिन मन्रो’ इतक्यावरच आटोपली, याचं वाईट वाटलं. ती स्टेजवर मन्रोचीच नक्कल करायची, त्यामुळे १९६२ मध्ये मन्रो गेली आणि डिक्सीचं स्टेजवरचं रूपच जणू मेलं. पण मला ती खरी मोठी वाटते ती त्यानंतर. मैत्रीण जेनी ली, जिने १९५५ मध्ये बर्लेस्क नर्तकींची संघटना उभारली, कॅन्सरने आजारी पडली तेव्हा डिक्सी कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, हेलेंडेलच्या जुन्या बकरी फार्मवर तिच्यासाठी जाऊन राहिली. १९९० मध्ये जेनी गेल्यावर तिने जमवलेले पोशाख, नाचातले पंखे, फोटो डिक्सीने फार्मवरच्या संग्रहालयात जिवापाड जपले. येणाऱ्या पाहुण्यांना ती स्वतः हिंडून सगळं दाखवायची! तेच संग्रहालय आज लास व्हेगासमध्ये आहे. कृपया हे लेखात घालाच.