सेंट्रल टेस्टिंग टीमकडे मागायचं काय?

टेस्टिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: कंपनीने सेंट्रल टेस्टिंग टीम (सगळ्या प्रोजेक्टांचं सॉफ्टवेअर तपासणारी एकच टीम) ठेवलीच, तर तिने भरपूर टेस्ट केसेस (काय करून बघायचं आणि काय दिसायला हवं, याच्या नोंदी) लिहाव्यात, सगळ्या प्रोजेक्टांचं ऑटोमेशन करावं, म्हणजे चाचण्या आपोआप चालतील असे प्रोग्रॅम लिहावेत, आणि रिलीजआधी साइन-ऑफ, म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ अशी सही, द्यावा. हे जमत नसेल तर टीम मोडा, डेव्हलपर बघून घेतील. मी पुण्यात सोळा वर्षं हेच काम करतेय आणि यातलं जवळजवळ काहीच मला पटत नाही.

टेस्ट केसेसपासूनच सुरुवात करते. पूर्वी एका बँकेच्या प्रोजेक्टवर आमच्याकडे चार हजारांवर केसेस होत्या, आणि दर रिलीजला रिपोर्ट हिरवागार, म्हणजे सगळं पास. तरी एकदा मुदत ठेवीवर ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर प्रॉडक्शनवर, म्हणजे खरे ग्राहक वापरतात त्या यंत्रणेवर, लागलाच नाही. शोधायला बसलो आणि टेस्ट डेटाबेसातली ग्राहकांची यादी उघडली. एकूण एक ग्राहक १ जानेवारी १९८० ला जन्मलेला, पिनकोड ४००००१. साठीचा माणूसच त्यात नव्हता! केस लिहिलेली होती, पण ‘डेटा नाही’ म्हणून दर वेळी वगळली जायची, आणि वगळलेल्या केसेस रिपोर्टात पास म्हणून मोजल्या जायच्या. तो डेटा पाच टीम वापरत होत्या, सांभाळत मात्र कुणीच नव्हतं. घोडं पेंड खातं ते इथे. जे सगळे वापरतात आणि कुणाच्याच अंगणात नाही, ते सेंट्रल टीमने उभं करायचं आणि जपायचं. अल्पवयीन खातेदार आणि त्याचा पालक, संयुक्त खातं, आडनाव नसलेला माणूस, देवनागरीत लिहिलेलं नाव, २९ फेब्रुवारीचा जन्म: असा डेटा पाचव्या हजाराच्या केसेसपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

ऑटोमेशन सगळं सेंट्रल टीमने लिहायचं, हेही चूक. चाचणी चालवणारी स्क्रिप्ट कोडच्या शेजारी राहावी आणि कोड बदलणाऱ्यानेच ती बदलावी. नाहीतर स्क्रीनवरचं एक बटण हललं की आमच्याकडे दुरुस्तीचं तिकीट येतं, आणि ते बंद होईपर्यंत बटण पुन्हा हललेलं असतं. सेंट्रल टीमने फ्रेमवर्क (चाचण्या लिहायचा सामाईक सांगाडा) द्यावं आणि बेभरवशाच्या चाचण्यांची यादी ठेवावी. कोड तोच, पण निकाल कधी पास, कधी फेल, अशा या चाचण्या. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के चाचण्यांत हा दोष थोडाफार आहे. पुन्हा चालवली की पास होते, हे एकदा अंगवळणी पडलं की लाल रंगाकडे कुणी बघत नाही. म्हणून यादीतल्या प्रत्येक चाचणीला मालक हवा, तारीख हवी, आणि तारीख उलटली तर ती काढून टाकण्याचा अधिकार सेंट्रल टीमकडे हवा.

साइन-ऑफवर माझा सर्वांत जास्त राग आहे. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहक लॉइड्सच्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलवले आणि लाखो लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत दिसलं की दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण कामगिरीच्या चाचण्या त्यांतल्या एकावरच झाल्या होत्या. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. चाचणी झाली का, या प्रश्नाला तिथे ‘झाली’ असंच उत्तर मिळालं असतं. कुठे झाली, हे विचारायला हवं होतं. त्यामुळे सेंट्रल टीमने सही देऊ नये, एक पान द्यावं: काय तपासलं, कोणत्या एन्व्हायर्नमेंटवर (म्हणजे कोणत्या यंत्रणेवर), ते प्रॉडक्शनपेक्षा कुठे वेगळं आहे, आणि काय तपासायचं राहिलं. रिलीजचा निर्णय ज्याचा धंदा त्याने ते पान वाचून घ्यावा.

राहिलं ‘डेव्हलपर बघून घेतील’. स्वतःच्या कोडपुरतं त्यांनी बघायलाच हवं, त्यात वाद नाही. पण जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पाडली, तो दोष दोन भागांच्या सांध्यात होता. एका भागाच्या व्याख्येत २१ मूल्यं होती, दुसरा २०च पुरवत होता, आणि चाचण्यांत एकविसाव्या जागी नेहमी ‘काहीही चालेल’ असाच निकष असायचा. पुन्हा तेच: चाचणी होती, तिच्यातला डेटा कमी पडला.

आमच्या आताच्या टीममध्ये टेस्ट डेटा रोज पहाटे नव्याने तयार होतो. त्यातल्या एका ग्राहकाची जन्मतारीख त्या दिवसावरून मोजली जाते, अशी की तो दुसऱ्या दिवशी साठ पूर्ण करतो.