पिंच, डॅश, जिफी: ही जुनी इंग्रजी मापं नव्हेत

स्वयंपाकाच्या आणि सामान्यज्ञानाच्या ग्रुपांवर एक तक्ता फिरतो आहे. इंग्रजीत ‘थोडंसं’ सांगणारे शब्द म्हणजे शेकडो वर्षांपासूनची अचूक मापं आहेत, असं त्याचं म्हणणं. टॅड म्हणजे पाव टीस्पून, डॅश आठवा भाग, पिंच सोळावा, स्मिजन बत्तिसावा, ड्रॉप चौसष्टावा. शिवाय मोमेंट म्हणजे बरोबर 90 सेकंद आणि जिफी सेकंदाचा शंभरावा भाग.

शेकडो वर्षांचं म्हणणं तर लगेच कोसळतं. टॅड हा शब्द एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लहान मुलासाठी वापरत. ‘किंचित’ हा अर्थ विसाव्या शतकातला. स्मिजनही अमेरिकेतलाच, एकोणिसाव्या शतकातला. पिंच आणि डॅश खरोखर जुने आहेत, पण ते मापं म्हणून नव्हे, कृती म्हणून: बोटांनी चिमटीत धरणं आणि झटक्याने ओतणं. हे शब्द कोरलेले चमच्यांचे संच अलीकडे बाजारात आले आणि तक्ता त्यांवरूनच उतरवलेला दिसतो.

पिंचचं बघा. 5 मिलिलिटरच्या टीस्पूनचा सोळावा भाग 0.31 मिलिलिटर. बारीक मीठ टीस्पूनभर साधारण 6 ग्रॅम भरतं, म्हणजे या ‘पिंच’मध्ये सुमारे 0.37 ग्रॅम. पापुद्र्यांचं मीठ तेवढ्याच जागेत निम्म्याच्या आसपास बसतं. दोन बोटांची चिमूट आणि तीन बोटांची चिमूट यांत तर सहज दुपटीचा फरक पडतो. भाजीत तो खपून जातो, खाण्याच्या सोड्यात नाही: सोडा दुप्पट झाला की केकला साबणासारखी चव येते. म्हणून नेमकेपणा हवा असेल तर दोन मार्ग आहेत. आपल्या दहा चिमटी एकत्र वजन करून दहाने भागा. किंवा 1 ग्रॅम सोडा पाण्यात विरघळवून एकूण 100 मिलिलिटर करा. त्यातलं 10 मिलिलिटर घेतलं की 0.1 ग्रॅम सोडा मिळतो. तेवढं पाणी कृतीतून कमी करायला विसरू नका.

तक्त्यातला डॅश, म्हणजे टीस्पूनचा आठवा भाग, 0.62 मिलिलिटर होतो. कॉकटेल बनवणारे मात्र डॅश म्हणजे औंसाचा बत्तिसावा भाग, सुमारे 0.9 मिलिलिटर धरतात. तोही बाटलीच्या तोंडावर आणि ती किती भरली आहे यावर बदलतो.

ड्रॉपबद्दलचा दावा सर्वांत घातक आहे, कारण लोक तो औषधालाही लावतात. तक्त्यातला थेंब 0.078 मिलिलिटर, पाण्याचा नेहमीचा थेंब मात्र 0.05 च्या आसपास. अल्कोहोलचा पृष्ठताण कमी, म्हणून त्याचा थेंब आणखी लहान. सलाइनच्या साध्या सेटमधून मिलिलिटरला 20 थेंब पडतात, मायक्रो सेटमधून 60. थेंब असा बेभरवशाचा आहे म्हणूनच लंडनच्या औषधकोशाने 1809 मध्ये त्याऐवजी मिनिम हे माप आणलं: फ्लुइड ड्राम या द्रवाच्या जुन्या मापाचा साठावा भाग, मापनळीत मोजायचा.

मोमेंटमध्ये खरेपणाचा अंश आहे. इंग्लंडमधला भिक्षू बीड याने 725 मध्ये तासाचे 40 मोमेंट सांगितले. पण दिवसाउजेडाचे 12 भाग म्हणजे 12 तास असं मोजलं, तर लंडनमध्ये जूनअखेर मोमेंट सुमारे 125 सेकंदांचा आणि डिसेंबरअखेर 59 सेकंदांचा होतो. 90 सेकंद हे आजच्या साठ मिनिटांच्या तासावरून काढलेलं उत्तर.

जिफीचे तर अनेक अर्थ आहेत. रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी तो प्रकाशाला एक सेंटिमीटर जायला लागणाऱ्या वेळेसाठी, म्हणजे सुमारे 33 पिकोसेकंदांसाठी वापरला. लिनक्स या संगणक प्रणालीत तो आतल्या घड्याळाच्या टिकटिकीवर ठरतो: 100 हर्ट्झला 10 मिलिसेकंद, 250 ला 4, 1000 ला 1. तक्त्यातला सेकंदाचा शंभरावा भाग यातल्या फक्त 100 हर्ट्झच्या मांडणीशी जुळतो.

खरी अचूक मापं तक्त्यात आलीच नाहीत. औषधविक्रेत्यांच्या जुन्या वजनांत स्क्रूपल 20 ग्रेनचा, ड्राम 3 स्क्रूपलचा, औंस 8 ड्रामचा. ग्रेन म्हणजे 64.79891 मिलिग्रॅम, आणि तो आजही टिकून आहे: अॅस्पिरिनची 325 मिलिग्रॅमची गोळी मुळात 5 ग्रेनची.