गिल्ट घेऊ नका म्हणे!

“अपराधीपणा म्हणजे मनाचं विष. त्याने गेलेलं बदलत नाही. तो लोकांनी तुमच्यावर लादलेला असतो. स्वतःला माफ करा, पुढे चला आणि प्रगती बघा.” नागपुरात धरमपेठेतल्या योगाच्या ग्रुपपासून मनीषनगरच्या सोसायट्यांपर्यंत हा मजकूर फिरतो आहे, सोबत उगवत्या सूर्याचा फोटो. वाचायला गोड आहे, म्हणून एकेक वाक्य तपासून बघू.

विष? जून टँगनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं याच भावनेवर काम केलं. “मी हे वाईट केलं” आणि “मी माणूसच वाईट” या दोन गोष्टी त्या वेगळ्या मोजतात. २०१४ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा ४७६ कैद्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना केल्या कृत्याची टोचणी जास्त लागायची, ते सुटल्यावरच्या वर्षात गुन्ह्याकडे कमी वळले. स्वतःची लाज वाटणाऱ्यांचं चित्र मात्र सरळ नव्हतं. लाज झाकायला जे दुसऱ्यांवर खापर फोडत होते, ते पुन्हा गुन्ह्याकडे जास्त वळले. जे तसं करत नव्हते, त्यांना लाजेनेही थोडं आवरलंच. म्हणजे घात होतो तो खापर फोडण्यात. व्हरायटी चौकात सिग्नल तोडून कुणाच्या गाडीला घासून गेलेला जेव्हा “अबे, तूच मधात आला” म्हणून ओरडतो, तेव्हा त्याला टोचणी जास्त झालेली नसते.

गेलेलं बदलत नाही, हे निम्मंच खरं. समजा, इतवारीतल्या एका दुकानदाराने नोकरावर गल्ल्यातल्या पैशांचा आळ घेतला, सगळ्यांसमोर घेतला, आणि संध्याकाळी हिशेबातली चूक सापडली. आळ घेतला गेला, ते पुसता येत नाही. पण त्याच लोकांसमोर “चूक माझी होती” म्हणता येतं, कापलेला पगार देता येतो. एकट्यात खांद्यावर हात ठेवून “जाऊ दे रे, विसर” म्हणणं ही पळवाट आहे. ही सगळी यातायात माणूस टोचल्याशिवाय करत नाही. आणि जिथे भरपाई अशक्यच असते तिथे काय? दीक्षाभूमीच्या या शहरात, अनेकांचे खून पाडून मग बुद्धाला शरण गेलेल्या अंगुलिमालाची गोष्ट नव्याने सांगायला नको. भिक्षू झाल्यावरही भिक्षेला गेला की लोकांची ढेकळं-दगड अंगावर यायचे. बुद्धाने त्याला “विसर” असं सांगितलं नाही, सोसायला सांगितलं.

लादलेला असतो, हे या मजकुरातलं सगळ्यात खरं वाक्य, आणि तेच सगळ्यात ढिसाळ लिहिलंय. मिहानमध्ये नोकरीला जाणाऱ्या आईला पाळणाघराच्या दारात जे वाटतं, त्यामागे तिचं वाईट कृत्य कोणतं? काहीच नाही. सासू, शेजारीण आणि नातेवाईक यांनी मिळून ते तिच्या पदरात घातलंय. (बाप त्याच दारातून निवांत निघून जातो.) ते तिने खुशाल परत करावं. पण हैदराबादला गेलेला मुलगा महिनाभर आईबाबांना फोन करत नाही, तेव्हा त्याला जे वाटतं, ते समाजाच्या नावावर टाकता येत नाही. परगावी जाणं हा गुन्हा नाही. फोन न करणं हे त्याचं स्वतःचं कृत्य आहे. मी नेमकं काय केलं, आणि कुणाचं केलं? याचं उत्तर सापडलं तर टोचणी तुमची, नाहीतर दुसऱ्याची.

आता माफीचं. कॅनडातल्या विद्यार्थ्यांवर २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या मजकुराच्या बाजूने जातो. पहिल्या परीक्षेला अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. मान्य. पण तिथे नुकसान त्यांचं स्वतःचंच होतं, माफ करायचा हक्कही त्यांचाच. दुकानदाराने नोकराच्या वतीने स्वतःला माफ करणं म्हणजे उधारी घेणाऱ्यानेच वही फाडणं.

एक माणूस मात्र या सगळ्या वादाबाहेर ठेवायला हवा. काहीही न करता, किंवा क्षुल्लक गोष्टीवरून, आठवडेच्या आठवडे ज्याला आपणच दोषी वाटतो, झोप-जेवण उडालेलं असतं, त्याच्यासाठी हे नैराश्याचं लक्षण असू शकतं. त्याला “पुढे चला” सांगून उपयोग नाही, आणि माझे मुद्देही त्याच्या कामाचे नाहीत. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो.