ढिम्म घोडा सुरक्षित असतो, असं कोण म्हणतं?

‘मुलांना घोडेस्वारी शिकवायला पाठवताय? आधी हे वाचा!’ असा एक मेसेज गेले पंधरा दिवस पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. मी घोडेस्वारी शिकवते; त्यातल्या एक आई दर शनिवारी आमच्याच रायडिंग शाळेच्या कठड्याला टेकून उभ्या असतात, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: रायडिंग शाळांत रेसमधून काढलेले निकामी घोडे असतात. रेसचा घोडा कधीच सुधारत नाही, संधी मिळाली की पळतोच. म्हणून मुलासाठी मान खाली घालून उभा राहणारा, हाकलूनही न हलणारा घोडा मागा. लगाम आखूड धरायला शिकवा, म्हणजे घोडा ताब्यात राहतो. आणि तासभर फिरूनही ज्याला घाम येत नाही, तो घोडा सगळ्यात दणकट.

शेवटचं आधी घेते, कारण त्यावर विश्वास ठेवला तर घोडा जिवानिशी जाऊ शकतो. घोडा मुख्यतः घामानेच अंग थंड ठेवतो. दमट, उष्ण हवेत राहणाऱ्या काही घोड्यांच्या घामग्रंथी हळूहळू काम करेनाशा होतात. हा आजार आहे आणि मुंबईची हवा त्याला अगदी पोषक. असा घोडा कोरडा दिसतो, पण नाकपुड्या फुललेल्या असतात आणि काम थांबवून पंधरा मिनिटं झाली तरी भाता चालूच असतो. निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला साधारण ८ ते १६ श्वास घेतो आणि त्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. ऑक्टोबरात आम्ही लेसन सकाळी साडेआठच्या आत आटोपतो ते याचसाठी. मे महिन्यात कोरडा दिसणारा घोडा बघून कौतुक करू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि डॉक्टरांना फोन करा.

‘निकामी’ या शब्दाबद्दल फार बोलायला नको. मुंबईच्या महालक्ष्मीला होणाऱ्या इंडियन डर्बीत चार वर्षांचे घोडे धावतात. पाच-सहाव्या वर्षी रेस सोडलेल्या घोड्यापुढे अजून वीसेक वर्षांचं आयुष्य असू शकतं. वेग कमी पडला म्हणून बाहेर पडलेला घोडा आमच्या कामाला अधू नसतो. पायाची कंडरा दुखावून आलेला असेल, तर मात्र बघूनच घ्यावा लागतो.

खरं घोडं पेंड खातं ते लगामापाशी. रेसमध्ये जॉकी रिकिबीत, म्हणजे जीनच्या पायदानात, उभा राहून पाठीवरून वर उचललेला असतो, त्याचे पाय घोड्याच्या कुशीला फारसे लागत नाहीत. लगाम आवळला की घोडा तोंडातल्या कडीवर रेलतो आणि त्या आधारावर वेग घेतो. म्हणजे त्याच्या लेखी आवळलेला लगाम म्हणजे ‘चल’. आता घाबरलेलं नवखं मूल पहिल्यांदा काय करतं? लगाम गच्च ओढतं आणि पाय आवळतं. घोडा बिचारा शिकवल्याप्रमाणे सुटतो, आणि बघणारे म्हणतात, रेसचा घोडा आहे, पळणारच. यावर मेसेज उपाय सांगतो, लगाम आणखी आखूड धरा! आगीत तेल ओतण्यातलाच प्रकार.

आमच्याकडे एक घोडा आहे. रेसच्या पुस्तकात भलंमोठं इंग्रजी नाव, तबेल्यात सगळे त्याला ‘भाऊ’ म्हणतात. आला तेव्हा लगामाला हात लागला की त्याचं अंग ताठ व्हायचं. घोड्यांची देखभाल करणारे आमचे सईस मामा म्हणाले, “ताई, ह्याला लगाम नका दाखवू, ह्याला बूड दाखवा.” तेच केलं. लगाम सैल सोडायचा, जीनवर जड होऊन बसायचं, श्वास सोडायचा, आवाज द्यायचा आणि घोडा थबकला की त्याच क्षणी सगळा दाब काढून घ्यायचा. तो क्षण चुकला तर शिकवणी फुकट. दुडकीतून नुसत्या बसण्यावर थांबायला भाऊला चार महिने लागले.

मग परीक्षा. रेसमध्ये जॉकीला पायाला धरून वर टाकतात, तेही पुष्कळदा घोडा चालत असताना. आमच्याकडे सात वर्षांचं मूल एक पाय रिकिबीत अडकवून दोन मिनिटं लोंबकळतं, तेव्हा घोड्याने निमूट उभं राहायचं असतं. म्हणून मुलांच्या आधी मी स्वतः मुद्दाम वाईट बसते. आदळते, रिकीब सोडते, एका बाजूला कलंडते. दोन्ही दिशांनी, कारण एका बाजूचा शहाणा घोडा दुसऱ्या बाजूला अनोळखी निघतो. मामा छत्री उघडतात, प्लास्टिक फडफडवतात. गणपतीआधी बाहेर ढोल-ताशांचा सराव असतोच, ती परीक्षा फुकटात होते. घोडा दचकला तर चालतं. दचकून जागीच थबकतो की गेटकडे सुटतो, आणि किती वेळात एक कान परत माझ्याकडे वळवतो, ते मी बघते. गेल्या वर्षी तीन घोडे बघितले, दोन परत पाठवले. तेव्हा रेसचा प्रत्येक घोडा शिकवायला चालतो, असं मीही म्हणणार नाही.

आता तो ढिम्म घोडा. नवशिके एकसारख्या टाचा मारतात आणि घोड्याने उत्तर दिलं तरी थांबत नाहीत. मग घोडा उत्तर द्यायचंच सोडतो. म्हणून आमच्या प्रत्येक घोड्यावर आठवड्यातून दोनदा जाणता स्वार बसतो आणि हलक्या इशाऱ्याला पुन्हा किंमत आणून देतो. हे जिथे होत नाही, तिथे मुलाच्या हातात छडी येते. शिवाय मंदपणामागे दुखणंही असू शकतं. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्याच्या २४ लक्षणांची यादी बनवली आहे: कान मागे राहणं, शेपटी झटकणं, शून्यात नजर लागणं, वारंवार सांगूनही पुढे न जाणं. आठ किंवा अधिक दिसली तर घोडा बहुधा दुखण्यात आहे. मेसेजने जे गुण म्हणून सांगितले, त्यातलं हाकलूनही न हलणं तर या यादीत सरळ बसतं.

शनिवारी त्या आई येतील तेव्हा भाऊचा तंग, म्हणजे जीनचा पोटाखालचा पट्टा, आवळताना त्यांना बाजूला उभं करणार आहे. तो कान मागे टाकतो की नाही, ते त्यांनीच बघावं.